स्वराज द्वीपावर दोघांच्या पाच रात्री: तिथी पाहून आखलेला मुक्काम

अंदमानला जाऊन आलेली बरीच जोडपी दमून घरी येतात. पाच दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि वर पहाटे तीनला उठवून बाराटांग असं सगळं कोंबलेलं असतं. रोज एक धक्का, एक बोट, सामान उचला, सामान ठेवा. दोघांना खरंच निवांत राहायचं असेल, तर पाचही रात्री एकाच बेटावर, हॅवलॉकला, काढाव्यात. नील बेट सुंदर आहे, पण ते पुढच्या खेपेला.

हॅवलॉकचं अधिकृत नाव ३० डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला त्या दिवशी ७५ वर्षं झाली होती. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसेल, त्याने गोंधळू नका. रिक्षावाला अजून हॅवलॉकच म्हणतो. गावांना नावं आहेत आणि किनाऱ्यांना नंबर: बोट लागते तो एक नंबर, गोविंदनगरचा बाजार तीन नंबर, विजयनगर पाच नंबर आणि राधानगर सात नंबर. पत्ता विचारताना नंबर सांगितला की काम लवकर होतं.

निघण्याआधी: कॅलेंडर आणि पंचांग

महिने सोपे आहेत. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी, त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पावसाचा जोर असतोच, कारण परतीचा मान्सून आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच सुमाराची. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेने हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं.

महिना ठरला की तिथी पाहा. हे फार कमी लोक करतात आणि नंतर "खोलीसमोर समुद्रच नव्हता" अशी तक्रार घेऊन येतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: भरती उंच चढते आणि ओहोटीला पाणी फार लांब जातं. अष्टमीच्या पुढे एक-दोन दिवस भांग असतो, म्हणजे चढउतार कमी. विजयनगरच्या बाजूला किनारा अतिशय उथळ आहे. उधाणाच्या ओहोटीत तिथे शेकडो पावलं नुसता चिखलट वाळूचा आणि मेलेल्या प्रवाळाचा पट्टा उघडा पडतो. भांगात तिथे बहुतेक वेळ थोडं तरी पाणी राहतं. शिवाय प्रवाह मंद असल्याने वाळू कमी ढवळते आणि पाण्याखाली स्वच्छ दिसतं.

आता दुसरी गोष्ट जोडा. रात्री समुद्रातलं चमचमणारं पाणी पाहायचं असेल तर संध्याकाळ काळोखी हवी. कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या पुढे चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर उगवतो. म्हणजे भांग आणि काळोख दोन्ही हवे असतील तर कृष्ण सप्तमी ते द्वादशी हा मुक्काम पकडा. शुक्ल अष्टमीला भांग असतो, पण संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो.

कोकणातल्या मंडळींना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी, त्यामुळे तो इथे तसाच्या तसा लागत नाही. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर उतरवून घ्या. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेवढा भाग मात्र इथेही खरा.

पहिला दिवस: पोहोचणं

मुंबई-पुण्याहून बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकाता इथे विमान बदलावं लागतं. वीर सावरकर विमानतळावर सकाळी उतरता आलं तर दुपारची बोट मिळते. विमान उतरण्याची वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत किमान साडेतीन तास ठेवा: सामान, धक्क्यापर्यंतची टॅक्सी, जेवण आणि बोटीच्या तासभर आधीची हजेरी यांत ते सहज जातात. विमान दुपारी पोहोचत असेल तर ओढाताण न करता रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी कॅटामरान (जोड सांगाड्याच्या वेगवान बोटी) दीड तासात नेतात. आसन ठरलेलं, आत वातानुकूलन, बहुतेकींत बाहेर उभं राहायची सोय नाही. सरकारी बोट स्वस्त, दोन-अडीच तास घेते आणि तिच्या उघड्या डेकवर वारा खात बसता येतं. ज्यांना बोट लागते त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. बंद केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातला तोल मात्र हलत असतो. त्या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून केबिनमध्ये पुढच्या रांगा टाळा, कारण बोटीचं नाक सगळ्यात जास्त उसळतं. मधल्या किंवा मागच्या रांगेत बसा, मोबाइल खाली ठेवा, खिडकीतून क्षितिजाकडे पाहा. गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी अर्धा तास. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको.

मूळ ओळखपत्र हातात ठेवा. मोठं सामान बोटीवरचे लोक एका जागी रचतात, तेव्हा औषधं, चार्जर, कॅमेरा आणि एक कपड्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीत हवा.

राहायचं कुठे, हा निर्णय मात्र घरूनच करून या. पाच नंबर म्हणजे पूर्व किनारा: पहाटेचा सूर्य अंगणात, खाण्याच्या जागा चालत जाण्याच्या अंतरावर, स्कूबावाले (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेणारे) जवळ, पण पोहणं भरतीच्या मर्जीवर. सात नंबर म्हणजे पश्चिम किनारा: कधीही पोहता येतं, गर्द झाडी, शांतता, पण रात्री जेवायला पर्याय मोजके आणि बाजार लांब. आमचं मत: पाच रात्रींपैकी पहिल्या तीन विजयनगरला आणि शेवटच्या दोन राधानगरला काढाव्यात. एकदा बॅग भरावी लागते, पण त्या एका हलवाहलवीत दोन वेगळे समुद्र मिळतात.

पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. खोली घ्या, पाणी कसं आहे ते विचारा (नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, पिण्यासाठी गाळलेलं वेगळं मागा), आणि किनाऱ्याने चालून या.

दुसरा दिवस: घड्याळ बदलणं

या बेटाचं रेखांश सुमारे ९३ पूर्व, मुंबईचं जवळजवळ ७३. वीस अंशांचा फरक म्हणजे सूर्य ऐंशी मिनिटं आधी, पण घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचं. डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो; फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपाचच्या आत. पहाटे साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं. मुंबईच्या सवयीने नऊला उठून अकराला बाहेर पडणाऱ्यांचा अर्धा दिवस गेलेला असतो, आणि उरतं ते डोक्यावरचं ऊन. तेव्हा पहिल्या दिवसापासून पाचला उठा, साडेआठ-नऊला झोपा. दुपारी अकरा ते अडीच सावलीत. एकदा हे जमलं की घाई आपोआप संपते.

पहाटे विजयनगरला पाणी किती आहे ते पाहा. भरती असेल तर पोहून घ्या. ओहोटी असेल तर खडपांतल्या डबक्यांपाशी उभं राहून पाहायला भरपूर आहे: शंखात राहणारे खेकडे, समुद्रकाकड्या, तारामासे. पायात बंद, जाड तळाचे बूट हवेतच. प्रवाळाच्या तुकड्याने पाय कापला तर जखम लवकर भरत नाही, कारण बारीक कण आत राहतात. लगेच गोड्या पाण्याने चोळून धुवा, जंतुनाशक लावा आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका.

स्कूटर भाड्याने घ्यायची ती आज. दिवसाला साधारण पाचशे-सहाशे रुपये, पेट्रोल वेगळं. चालवण्याचा मूळ परवाना लागतो. गाडी बहुधा जेमतेम पेट्रोल घालून देतात, म्हणून आधी टाकी पाहा. ब्रेक, दिवा आणि दोन्ही हेल्मेट तपासा, गाडीवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढा. दिव्याला विशेष जपा: राधानगरहून परतताना सहाच्या आधीच रस्ता काळाकुट्ट होतो, जंगलातली वळणं, मध्येच गुरं बसलेली.

राधानगर धक्क्यापासून १२ किलोमीटर. साडेतीनला पोहोचा, म्हणजे पोहायला दीड तास मिळतो. दोन किलोमीटरांची ती अर्धचंद्राकृती पांढरी पुळण आणि तिच्या मागे उभे समुद्री महुआचे उंच सरळ वृक्ष. या किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. तळ वाळूचा आणि उतार सौम्य, त्यामुळे ओहोटीतही पोहता येतं. पोहायचं ते जीवरक्षकांनी आखलेल्या पट्ट्यातच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत आणि २०१० मध्ये राधानगरच्या टोकाच्या खाडीत एका पर्यटक स्त्रीचा मगरीने बळी घेतला होता. खाडीच्या तोंडाशी पाणी निळंशार, शांत आणि मोहक दिसतं. तिथे फक्त पाहायचं, उतरायचं नाही. शिट्टी वाजली की बाहेर या.

संध्याकाळचा आणखी एक शत्रू म्हणजे वाळूमाशी. ती डोळ्यांना जेमतेम दिसते. चावल्याचं त्या क्षणी कळतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल पुरळ आणि भयंकर खाज सुटते. ओल्या वाळूत आणि किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाजवळ ती जास्त, पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त. उघड्या वाळूवर आडवं पडू नका, जाड चटई अंथरा, सूर्य कलताना पायघोळ विजार घाला. पोटऱ्यांना खोबरेल तेलाचा जाड थर द्यावा, माशीला त्यावर नीट बसता येत नाही. खाजवलं की जखम होते आणि मग समुद्राचं पाणी बंद. खाजेवरची गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच आणा.

तिसरा दिवस: पाण्याखाली

स्कूबाचा दिवस मुद्दाम मधला घेतला आहे. शेवटच्या डाइव्हनंतर (पाण्याखालच्या बुडीनंतर) विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. आणि पहिल्या दिवशी सर्दी असेल तर ती बरी व्हायलाही अवधी मिळतो.

पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही. प्रशिक्षक टाकी धरून बरोबर असतो. दोघांनी नाव नोंदवताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माणशी एक प्रशिक्षक आहे का, आणि दोघांना एकाच वेळी पाण्यात नेणार का. अर्धा तास आधी उथळ पाण्यात सराव करून न घेता थेट खोल नेणाऱ्याकडे जाऊ नका. तब्येतीचा अर्ज खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरायचं नाही, आणि गरोदरपणात तर मुळीच नाही.

नाकाबाहेर पाणी असताना तोंडाने श्वास घेणं, हे पहिल्या पाच मिनिटांत अंगवळणी पडतं. अडतं ते कानात. दाबातला बदल पहिल्या काही मीटरमध्येच सगळ्यात तीव्र असतो: दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कान दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकण्यात अर्थ नाही, तोवर कानाची नळी दाबाने मिटलेली असते. दर अर्ध्या मीटरला, दुखण्याआधीच, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. जमलं नाही तर खूण करून थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न. जोर लावला तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकलावी. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नये, तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा अडकते.

श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवरची छातीतली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. तिला बाहेर जायला वाट हवी. आणि खुणा: अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "वर जाऊ या". छान म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या नवख्यांना प्रशिक्षक मुकाट्याने वर घेऊन येतात.

मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं, कारण रबराची कड कातडीला चिकटत नाही. नाकाखालच्या मिशीची वरची कड थोडी भादरली किंवा तिथे व्हॅसलीन लावलं तर गळती बरीच कमी होते. मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. काच धुरकटू नये म्हणून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळून टाकावा.

दुपारी झोप काढा. अंधार पडल्यावर खारफुटीतून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की निळसर उजेड टाकतात. वल्हं मारलं की ठिणग्या उडाल्यासारखं पाणी पेटतं. मोबाइलचे दिवे पूर्ण बंद ठेवा, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. याचे फोटो साध्या मोबाइलवर येत नाहीत, तेव्हा प्रयत्न न करता पाहत राहावं. ओढ्यात पाणी भरतीलाच पुरेसं असतं, म्हणून निघण्याची वेळ कयाकवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

चौथा दिवस: काहीच नाही

पहाटे काळापत्थरचा रस्ता. विजयनगरच्या पुढे समुद्राला अगदी लागून तो जातो, डावीकडे फिरोजी पाणी, उजवीकडे शेतं आणि नारळ. काळे खडक म्हणून हे नाव. तिथे शहाळं प्या, परत या. बाजारात तीन नंबरला मासे-भात जेवा: इथली बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे मोहरीच्या तेलातलं माशांचं कालवण साध्या खानावळीतही उत्तम मिळतं. सुरमई ओळखीची वाटेल, चव वेगळी लागेल. कोळंबी-लॉबस्टर वजनावर असतात. किलोचा भाव, वजन आणि शिजवण्याचे वेगळे पैसे हे तिन्ही आधी विचारा. रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघरं बंद होतात. रोख पैसे पुरेसे बाळगा, एटीएम कधीकधी रिकामी असतात. समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं, पण एकट्या मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

दुपारनंतर मुक्काम राधानगरला हलवा.

पाचवा दिवस: एलिफंट बीच

धक्क्यावरून छोट्या बोटीने वीस-तीस मिनिटं. सकाळच्या पहिल्या बोटी पकडा: नंतर गर्दी, वारा आणि गढूळ पाणी. हवा बिघडली की या फेऱ्या लगेच थांबतात, शिवाय आठवड्याची सुट्टीही असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करा. जंगलातून पायवाटही आहे, पण पाऊस पडून गेला असेल तर चिखलात दोघांचेही हाल होतात.

किनाऱ्यावर उन्मळलेल्या झाडांचे पांढरे पडलेले बुंधे आहेत, २००४ च्या त्सुनामीची खूण. प्रवाळ मात्र किनाऱ्यापासून अगदी जवळ, कमरेएवढ्या पाण्यापासून सुरू होतात. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. आज जे रंग दिसतात ते त्यातून वाचलेले आणि नव्याने धरलेले आहेत. त्यांच्यावर उभं राहू नका, एका पावलाने मोडलेली फांदी वाढायला वर्षं लागतात. पाठीवर ऊन फार लागतं, कारण पाण्यात ते जाणवत नाही. मलमापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा जास्त कामाचा, आणि प्रवाळांसाठीही तोच बरा.

संध्याकाळ राधानगरच्या वाळूवर. आता चालत आलेले असता, परतीच्या रस्त्याची काळजी नाही.

सहावा दिवस: परत, पण विमान नाही

बोट आणि विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि पैसे परत मिळाले तरी विमान निघून जातं. सकाळची बोट धरा, रात्र पोर्ट ब्लेअरला.

ती दुपार सेल्युलर जेलसाठी. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीन उरल्या आहेत. सावरकर बंधू १९२१ पर्यंत इथे होते. तात्यारावांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर टोकाला आहे. मराठी माणसं तिथे बराच वेळ उभी राहतात, तेव्हा दोन-अडीच तास हाताशी असू द्या. जाताना चपला सहज काढता येतील अशा घाला, कोठडीत अनवाणी जावंसं वाटतं.

रात्री बॅगा भरताना खिसे, बूट आणि पोहण्याचे कपडे झटकून पाहा. प्रवाळाचे तुकडे नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मेलेले असले तरी, आणि काही शंखांनाही तोच कायदा लागू आहे. विमानतळावर यंत्रात ते स्पष्ट दिसतात. नकळत आलेला एखादा तुकडा सापडला तर सकाळी विमानतळाच्या वाटेवर किनाऱ्याशी थांबून तो पाण्यात सोडून द्या.